खोली मोजायला आलेला माणूस: बेथनल ग्रीन पॅरिश, १८५५ ते १९००

जुनी_वही

चार वर्षं झाली, मी पूर्व लंडनमध्ये राहते. कामावर जाताना रोज आर्नल्ड सर्कस लागतं. मधोमध झाडांनी भरलेलं गोल टेकाड, त्यावर बँडस्टँड, आणि भोवती लाल विटांच्या देखण्या इमारती. पहिलं वर्षभर मला ती नुसती छानशी बाग वाटायची. मग कळलं की ते टेकाड म्हणजे पाडलेल्या घरांचा राडारोडा आहे. जवळजवळ ७३० घरं पाडली, त्यांच्या विटामातीचा ढीग मध्ये रचला आणि त्यावर झाडं लावली. तेव्हापासून त्या पायऱ्या चढताना पाय जरा अडखळतो.

त्या वस्तीचं नाव ओल्ड निकोल. हा भाग बेथनल ग्रीनच्या सेंट मॅथ्यू पॅरिशमध्ये यायचा. पॅरिश म्हणजे मुळात एका चर्चची हद्द, पण लंडनमध्ये त्या हद्दीचाच स्थानिक कारभार झाला होता. १८५५ च्या कायद्याने मोठ्या पॅरिशांना निवडून दिलेली व्हेस्ट्री मिळाली. गटारं, रस्ते, दिवाबत्ती, कचरा आणि आरोग्य ही तिची कामं. आपल्याकडच्या नगरपालिकेसारखं समजा, फक्त मतदार म्हणजे घरपट्टी भरणारे. एका खोलीत आठवड्याच्या भाड्यावर राहणाऱ्याला तिथे आवाज नव्हता.

याच कायद्याने प्रत्येक व्हेस्ट्रीवर दोन पदं भरण्याची सक्ती केली: एक आरोग्याधिकारी डॉक्टर आणि किमान एक ‘न्यूसन्स इन्स्पेक्टर’, म्हणजे आरोग्याला उपद्रव ठरणाऱ्या गोष्टी तपासणारा माणूस. हा धागा काढलाय तो या दोन माणसांसाठी. त्यांचे वार्षिक अहवाल वेलकम ग्रंथालयाने मोफत उपलब्ध करून दिलेत. लंडनभरचे मिळून साडेपाच हजारांहून जास्त. कोरड्या तक्त्यांनी भरलेले आहेत, पण वाचायला बसले की रात्र कधी सरते कळत नाही. किती मोऱ्या दुरुस्त केल्या, किती खोल्यांना चुना मारला, किती पाण्याच्या टाक्यांना झाकणं बसवली, किती डुकरं हलवली. प्रत्येक आकड्यामागे कोणीतरी जिना चढून गेलंय.

थोडी पार्श्वभूमी. बेथनल ग्रीन ही रेशीम विणकरांची वस्ती. वरच्या मजल्याला मागाजवळ उजेड यावा म्हणून रुंद खिडक्या असलेली घरं अजून एखाद-दुसरी दिसतात. माग बसले, विणकर गरीब झाले, तरी माणसं येतच राहिली. १८५१ मध्ये पॅरिशची लोकसंख्या ९० हजारांच्या आसपास होती, १८९१ मध्ये १ लाख २९ हजार. जागा तेवढीच. मग परसात खोल्या उठल्या, त्या खोल्यांच्या मागे आणखी खोल्या. हेक्टर गॅव्हिन नावाच्या डॉक्टरने १८४८ मध्ये ही वस्ती गल्लीगल्लीने पायी फिरून नोंदवून ठेवली: कुठे गटार नाही, कुठे किती घरांत मिळून एक संडास, कुठे पाण्याचा नळ. सात वर्षांनी क्रिमियाच्या युद्धभूमीवर आरोग्यसुधारणेचं काम करताना अपघाताने गोळी लागून तो गेला. नकाशा आणि वही घेऊन गल्लीत शिरणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

पाणी कंपनीचं होतं, व्हेस्ट्रीचं नव्हे. ते दिवसातून थोडा वेळ यायचं आणि कित्येक ठिकाणी रविवारी अजिबात नाही. म्हणजे सुट्टीच्या दिवशी, सगळी माणसं घरात असताना, नळ कोरडा. मग उघड्या पिंपात साठवायचं, आणि ते पिंप बहुधा संडासाशेजारी. १८६६ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये साडेपाच हजारांवर माणसं गेली, त्यांतली बहुसंख्य याच पूर्व भागातली. आकडेतज्ज्ञ विल्यम फार आणि डॉक्टर नेटन रॅडक्लिफ यांनी माग काढला तेव्हा बोट ईस्ट लंडन वॉटर कंपनीच्या ओल्ड फोर्डच्या उघड्या तलावाकडे गेलं. आम्ही गाळलेलंच पाणी देतो असं कंपनी सांगत होती, आणि लोकांच्या नळातून ईल मासे निघत होते.

आता मुद्दा. १८६६ च्या सॅनिटरी कायद्याने एका खोलीत जास्त माणसं कोंबणं हाच ‘न्यूसन्स’ ठरवला. जास्त म्हणजे किती, याचं माप होतं हवेचं. झोपण्याच्या खोलीत माणशी ३०० घनफूट, लहान मुलाला त्याच्या निम्मं. इन्स्पेक्टर टेप घेऊन यायचा, लांबी, रुंदी, उंची घ्यायचा, गुणाकार करायचा आणि माणसं मोजायचा. सैनिकांच्या बराकीत त्या काळी माणशी ६०० घनफूट धरत होते. गरिबासाठी त्याच्या निम्म्यावर भागवलं.

माझा प्रश्न असा आहे. खोली मोजली, माणसं जास्त भरली, नोटीस बजावली. मग ती जास्तीची माणसं कुठे गेली? अहवालांच्या तक्त्यात ‘गर्दी कमी केली: इतक्या खोल्या’ असा रकाना असतो. ‘ती माणसं कुठे गेली’ असा रकाना मला एकाही अहवालात सापडला नाही. जाणकारांनी लिहावं.

गिरणगाव

ताई, आधी आमची खोली मोजली. बीडीडी चाळ, साधारण १६० चौरस फूट, छत धरू दहा फुटांवर. म्हणजे १६०० घनफूट. तुमच्या त्या कायद्याने पाच मोठी माणसं. आम्ही होतो आजी, आई-बाबा, काका आणि पाच पोरं. चार मोठी आणि पाच अर्धी म्हणजे साडेसहा. दीड माणूस जास्त!

आमच्याकडे ती जास्तीची माणसं गॅलरीत झोपायची. काकांना रात्रपाळी असली की त्यांची पथारी रात्री माझी, दिवसा त्यांची. इन्स्पेक्टर रात्री आला असता तर गॅलरी मोजली असती की नाही?

क्लाइडकाठ

@गिरणगाव, रात्री येणारा इन्स्पेक्टर खरंच होता, पण ग्लासगोमध्ये. मी इथे राहतो म्हणून हा विषय जवळचा.

ग्लासगोने १८६२ च्या पोलीस कायद्याने तीन खोल्यांपर्यंतची आणि एकूण २००० घनफुटांच्या आतली घरं मोजून त्यांच्या दारावर पत्र्याची चकती ठोकली. चकतीवर लिहिलेलं: इतके घनफूट, इतकी मोठी माणसं. आठ वर्षांखालचं मूल अर्धं. अशी वीस हजारांहून जास्त घरं होती, त्यांना ‘तिकिटाची घरं’ म्हणत. मध्यरात्रीनंतर निरीक्षक दार ठोठवायचे आणि कंदिलाच्या उजेडात माणसं मोजायचे. पावलांचा आवाज आला की लोक कपाटात शिरायचे, पलंगाखाली सरकायचे, कोणी छपरावर जायचे. छपरावर, स्कॉटलंडच्या थंडीत!

त्या काळात शहराचे आरोग्याधिकारी होते जेम्स बर्न रसेल. १८८१ च्या सुमारास ग्लासगोची चौथाई माणसं एका खोलीच्या घरात राहत होती. एका खोलीत काय काय घडतं, जन्म, आजारपण, मरण, स्वयंपाक, धुणं, हे त्यांनी भाषणांतून सांगितलं आणि सुस्थितीतल्या लोकांना ते ऐकायला लावलं. पण रात्रीच्या धाडींवरही त्यांच्याच खात्याची माणसं जात होती. रसेलबद्दल मला आदर आहे, आणि ती चकती बघितली की अंगावर काटाही येतो. दोन्ही खरं.

डॉ_अवनी

तुमच्या रकान्यांत आणखी एक गोष्ट शोधा, जुनी_वही: शवागार.

एका खोलीत माणूस मेला की अंत्यविधीचे पैसे जमेपर्यंत, रविवार येईपर्यंत, प्रेत त्याच खोलीत राहायचं. कधी आठवडाभर. तिथेच मुलं जेवायची आणि झोपायची. मृत्यू देवीचा किंवा लाल तापाचा असेल तर पुढचं सांगायला नको. पॅरिशने शवागार बांधावं अशी तरतूद १८६६ च्या कायद्यात आली, पण लोक प्रेत हलवू द्यायचे नाहीत. आपलं माणूस परक्या खोलीत एकटं ठेवायचं कसं? यात अडाणीपणा नव्हता, माया होती. आरोग्याधिकाऱ्याला या मायेशी रोज झगडावं लागे.

दुसरं, त्या डॉक्टरचं स्वतःचं स्थान. तो बहुतेक ठिकाणी अर्धवेळ. पगार व्हेस्ट्री देणार, नोकरीवरून काढणारही व्हेस्ट्रीच. खाजगी दवाखाना चालू, आणि त्यात येणारे पैसेवाले रुग्ण कोण? स्थानिक घरमालक आणि दुकानदार, म्हणजे पुन्हा व्हेस्ट्रीचेच सदस्य. सदर्कच्या सेंट जॉर्ज पॅरिशमधले विल्यम रेंडल तीन वर्षांत आरोग्याधिकारी पदावरून बाजूला झाले आणि पुढे व्हेस्ट्र्यांच्या कारभारावर उघड लिहू लागले. सगळ्यांना ते जमणारं नव्हतं. १८९१ च्या लंडन आरोग्य कायद्यानंतर या डॉक्टरांना थोडंफार संरक्षण मिळालं. छत्तीस वर्षं त्यांनी बिनसंरक्षणाची काढली, हे अहवाल वाचताना लक्षात ठेवा. सौम्य भाषेमागे पुष्कळदा भीती असते.

निवृत्त_निरीक्षक

नमस्कार. मी बत्तीस वर्षे एका महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होतो. शहराचे नाव लिहीत नाही.

आपण म्हणता तो न्यूसन्स इन्स्पेक्टर म्हणजे आमचा मूळपुरुष. कामाची पद्धत तीच आहे. जागेवर जा, पाहा, नोंद करा, मालकाला मुदत देऊन नोटीस बजावा, मुदत संपली की पुन्हा जा. केले नसेल तर प्रकरण समितीपुढे, समितीने होकार दिला तर न्यायदंडाधिकाऱ्यासमोर. एक मोरी तुंबली आहे हे मला नाकाने पहिल्या मिनिटात कळते. ते कागदावर सिद्ध होऊन गवंडी लागेपर्यंत पावसाळा येतो.

आमच्या प्रशिक्षणात एका वयस्कर सरांनी सांगितलेली गोष्ट. विलायतेत जुन्या काळी घरातले ड्रेनेज गळते का हे पाहायला पेपरमिंटचे तेल वापरत. छपरावरच्या पाइपातून तेल आणि गरम पाणी ओतायचे आणि दुसऱ्या माणसाने आत खोल्याखोल्यांतून वास घेत फिरायचे. जिथे पेपरमिंटचा वास आला तिथे सांधा फुटलेला. तेल ओतणाऱ्याने आत यायचे नाही, कारण त्याच्या हाताला वास असतो. आम्ही रंग टाकून बघत असू, पण तत्त्व तेच.

माझा एक प्रश्न. बेथनल ग्रीनला असे निरीक्षक किती होते?

जुनी_वही

काका, पेपरमिंटची चाचणी वाचून फार आनंद झाला. आता तक्त्यात ‘ड्रेन तपासले’ हा रकाना दिसला की मला तो वास येईल.

माणसं फार कमी होती. १८८४-८५ मध्ये सर चार्ल्स डिल्क यांच्या अध्यक्षतेखाली कामगारांच्या घरांवर रॉयल कमिशन बसलं. त्याच्या अहवालात शेजारच्या माइल एंडचा आकडा आहे: १ लाख ५ हजारांवर लोक आणि इन्स्पेक्टर एक. एका माणसाने इतके जिने चढायचे तर एकेका दारापाशी पुन्हा यायला किती वर्षं लागतील?

पण माणसं कमी का, हे त्याच अहवालात क्लार्कनवेलच्या प्रकरणात उघड होतं. तिथल्या व्हेस्ट्रीवर तेरा-चौदा सदस्य असे होते की ज्यांचा स्वतःचाच पैसा वाईट किंवा संशयास्पद घरांत गुंतलेला. शिवाय दहा दारू दुकानदार, त्यांतले बहुतेक या गटाला धरून असल्याचा लौकिक. आता नोटिशीचा प्रवास पाहा. इन्स्पेक्टर लिहितो, डॉक्टर सही करतो, कागद समितीपुढे जातो, आणि समितीत बसलाय त्याच घराचं भाडं खाणारा माणूस. जादा इन्स्पेक्टर नेमायचा खर्च मंजूर करणाराही तोच.

आणि घराचा ‘मालक’ नेमका कोण, हे शोधणंही सोपं नव्हतं. जमीन एखाद्या उमरावाची. क्लार्कनवेलमध्ये मोठा भाग नॉर्थॅम्प्टनच्या मार्क्विसचा होता. त्याने दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने दिलेली. पट्टा संपत आला की शेवटची काही वर्षं एखादा दलाल स्वस्तात विकत घ्यायचा, घर खोलीखोलीने भाड्याने लावायचा आणि हाती लागतील तेवढे पैसे काढायचा. अशा दलालांना तिथे ‘हाउस फार्मर’ म्हणत. जमिनीतून पीक काढावं तसं घरातून भाडं काढणारे. दोन-चार वर्षांनी घर मूळ मालकाकडे परत जाणार, मग हा छप्पर कशाला शाकारील?

आणि भाडं तरी किती? एका खोलीला आठवड्याला सरासरी चार शिलिंगच्या आसपास. कमिशनपुढे आलेल्या पाहणीत ८८ टक्के कष्टकऱ्यांचं भाडं कमाईच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त होतं, आणि ४६ टक्क्यांचं चौथाई ते निम्मं. बेथनल ग्रीनमध्ये घरी बसून काड्यापेटीचे डबे चिकटवणाऱ्या बायकांना १४४ डब्यांमागे सव्वादोन पेनी मिळायचे, वर खळ आणि दोरा पदरचा. चार शिलिंग म्हणजे ४८ पेनी. म्हणजे नुसत्या भाड्यापुरते तीन हजारांवर डबे, दर आठवड्याला, त्याच मोजलेल्या खोलीत.

पद्मनाभ_नगररचना

धागा उत्तम, पण एका गोष्टीवर मला वेगळं मत मांडायचं आहे. सगळा रोख मालक आणि व्हेस्ट्री यांच्याकडे गेला तर घर पाडण्याचा अधिकार हा केवळ अन्याय वाटू लागेल. तसं नव्हतं. दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली घरं असतात. जोत्यातून ओल वर चढते, भिंतीत ऊन शिरत नाही, मागची भिंत दुसऱ्या घराच्या मागच्या भिंतीला चिकटलेली. तिथे कितीही चुना मारा, उपयोग नाही. निकोलमधला मृत्युदर सबंध लंडनच्या जवळजवळ दुप्पट होता. १८९० मध्ये बेथनल ग्रीनचे आरोग्याधिकारी डॉ. जॉर्ज पॅडॉक बेट यांनी ही वस्ती राहण्यास अयोग्य असल्याचं अधिकृतपणे मांडलं, ते योग्यच केलं.

कायद्याची वाट मात्र चुकतमाकत गेली. १८६८ च्या टॉरेन्स कायद्याने एकेकटं घर पाडता येऊ लागलं, पण बदल्यात बांधण्याची आणि भरपाईची कलमं संसदेतच गळाली. १८७५ च्या क्रॉस कायद्याने आख्खी वस्ती पाडता आली, तर भरपाई भाड्याच्या उत्पन्नावरून ठरत असे. परिणाम? वस्ती पाडली जाणार अशी कुणकुण लागली की मालक आणखी माणसं भरायचे, कारण जास्त भाडं म्हणजे जास्त भरपाई. पुढे दुरुस्त्या झाल्या. १८८९ मध्ये लंडन काउंटी कौन्सिल आली, १८९० चा घरबांधणी कायदा आला, आणि प्रथमच पाडणारा आणि बांधणारा एकच झाला. निकोलच्या जागी उभी राहिलेली बाउंड्री इस्टेट, म्हणजे आर्नल्ड सर्कसभोवतीच्या त्या लाल इमारती, हे त्याचं पहिलं मोठं फळ. वास्तुविशारद ओवेन फ्लेमिंग आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी केलेलं काम आजही शिकवलं जातं. त्या इमारतींना सव्वाशे वर्षं होत आली आणि लोक अजून त्यांत सुखाने राहतात.

जुनी_वही

पद्मनाभ, इमारती सुंदर आहेत. मी रोज त्यांच्याखालून जाते, खोटं कशाला बोलू? डॉ. बेट यांचा अहवालही बरोबर होता.

पण माझा रकाना अजून रिकामा आहे. बाउंड्री इस्टेटसाठी ५,७१९ माणसं हलवली. नवीन घरं जवळजवळ तेवढ्यांनाच पुरतील इतकी, १,०६९. ३ मार्च १९०० रोजी प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते समारंभाने उद्घाटन झालं. आणि जुन्या रहिवाशांपैकी त्या नव्या घरांत आले ११.

अकरा. मी हा आकडा प्रथम वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली.

भाडं परवडत नव्हतं. एका खोलीची सवय असलेल्या कुटुंबाला दोन-तीन खोल्यांचं घर. नियमही कडक, खोलीत किती माणसं हे आता कौन्सिल मोजणार. घरात लाकूडकाम, गाढवगाडीवरची फेरी, कोंबड्या, जुन्या कपड्यांचा धंदा, ज्यावर पोट चाललं होतं त्याला जागा नव्हती. आणि बांधकामाला वर्षं लागली. तोवर माणसं काय फुटपाथवर थांबणार होती? ती शेजारच्या गल्ल्यांत गेली, डॅल्स्टनकडे गेली, बेथनल ग्रीनच्याच उरलेल्या घरांत शिरली. म्हणजे एका ठिकाणी गर्दी हटवल्याची नोंद, आणि दोन गल्ल्या पलीकडे नव्या गर्दीची नोंद. दोन्ही तक्ते एकाच कार्यालयात!

माझं म्हणणं पाडू नये असं नाही. आधी स्वस्त खोली उभी करा, मग टेप काढा, एवढंच. क्रम उलटा झाला की आरोग्याचा नियम गरिबाला बेघर करतो.

डॉ_अवनी

क्रमाबद्दल सहमत, पण टेपच बाजूला ठेवा असं कोणी समजू नये म्हणून लिहिते. हॅकनी आणि चेल्सी या दोन ठिकाणी भाड्याच्या खोल्यांच्या घरांसाठीचे नियम खरोखर लावले गेले, आणि रॉयल कमिशनने त्यांची दखल घेतली. हॅकनीचे डॉ. जॉन ट्राइप सतत घरं तपासायला लावत. म्हणजे कायदा तोच, लंडन तेच, आणि इतर व्हेस्ट्र्यांनी मात्र तो कपाटात ठेवला. नियमित तपासणीने माणसं बाहेर न काढताही पुष्कळ होतं: वाहता संडास, झाकलेली टाकी, जिन्याला खिडकी. यातल्या एकेका गोष्टीने मुलं वाचतात. गर्दीच्या नोटिशीवर रागावताना मोरीच्या नोटिशीला नावं ठेवू नका.

जुनी_वही

अगदी मान्य. हा फरक मी वर करायला हवा होता. मोरीची नोटीस मालकाच्या खिशाला लागते, गर्दीची नोटीस भाडेकरूच्या डोक्याला. दोन्ही एकाच वहीत लिहिल्या जायच्या.

रानवारा

यात मुंबईचा दुवा राहिला. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला आणि त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याचा नमुना लंडनचा नव्हता, @क्लाइडकाठ यांच्या ग्लासगोच्या १८६६ च्या ट्रस्टचा होता. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या पाडून रस्ते रुंद केले, हवा खेळती केली. पण सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या बांधलेल्यांपेक्षा जास्त होत्या आणि उठवलेली माणसं शेजारच्याच वाड्या-चाळींत दाटीने शिरली.

आणखी एक. प्लेगच्या काळात मुंबईत राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर तीन अक्षरं रंगवत: यू. एच. एच. म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य. हा शब्दप्रयोग तुमच्या त्या इंग्लिश कायद्यांतूनच इथे आला. बेथनल ग्रीनमध्ये कागदावर होता, इथे भिंतीवर आला.

गिरणगाव

आमची आजी सांगायची तिच्या सासूबाईंची आठवण. भिंतीवर ‘फुली’ मारली की तासाभरात भांडी बांधायची. ती फुली म्हणजे हीच अक्षरं असणार. तिला वाचता येत नव्हतं म्हणून फुली.

पद्मनाभ, आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभे राहिलेत, जुन्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं आहेत. त्या अकरांच्या मानाने आम्ही नशीबवान. पण आमच्याकडे पोटभाड्याने राहणारी जी माणसं होती, गावाकडची, खानावळीतली, ती कोणत्याच यादीत नव्हती. ती कुठे गेली ते मलाही माहीत नाही, आणि हे लिहिताना घशात काहीतरी अडकतंय.

पद्मनाभ_नगररचना

अकराचा आकडा मला माहीत होता. व्याख्यानात मी तो सांगतोही. पण ‘ती माणसं कुठे गेली’ हा रकाना नकाशाच्या तक्त्यात असावा, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना कधी सांगितलं नव्हतं. या सत्रापासून सांगेन.

निवृत्त_निरीक्षक

मी दोन दिवस लिहू की नको असा विचार करीत होतो.

नोकरीच्या सहाव्या वर्षी गोठ्यामागच्या एका खोलीची तक्रार आली. खोली अकरा बाय नऊ, पत्र्याचे छप्पर, आत दहा माणसे. एक मोरी, तिचे पाणी गोठ्याच्या गटारात. दोन मुलांना कावीळ झालेली. मी रीतसर अहवाल केला. मालकाला दोन कलमी नोटीस काढली: मोरी आणि गटार वेगळे करा, आणि खोलीतली गर्दी कमी करा. मालक समितीतल्या एका सदस्याच्या नात्यातला होता, हे मला नंतर कळले. पहिल्या कलमाला मुदतवाढ मिळाली, पुन्हा मिळाली, नंतर ती फाइल सापडेना. दुसऱ्या कलमाची अंमलबजावणी मात्र मालकाने आठ दिवसांत केली. त्या कुटुंबाला बाहेर काढले. त्याच्या हातात माझ्या सहीचा कागद होता.

माझ्या मासिक अहवालात ते प्रकरण ‘निकाली’ म्हणून गेले. जुनी_वही यांनी लिहिलेला रकाना आमच्याही नमुन्यात नव्हता.

गिरणगाव

काका, त्या लोकांचं पुढे काय झालं?

निवृत्त_निरीक्षक

तीन-साडेतीन महिन्यांनी दुसऱ्या तक्रारीसाठी त्याच वॉर्डात, दोन गल्ल्या सोडून, एका दारात उभा होतो. आत तेच कुटुंब. खोली पहिलीपेक्षा लहान. थोरला मुलगा दिसला नाही, म्हणून विचारले. तो गावी आहे म्हणाले. बाईंनी मला ओळखले. मी नको नको म्हणत असताना चहा टाकला, पाट पुढे केला. मी हातातली टेप पिशवीत ठेवत होतो, ते त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, “साहेब, ही पण खोली मोजणार का?”